मोज्यांचं देऊळ

आखातातल्या मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत मी इन्स्पेक्शनचं काम करतो. पाइप, टाक्या, मोठाली भांडी आतून किती झिजली आहेत, गंज कुठे धरलाय, अजून किती वर्षं चालतील, हे तपासून लिहून द्यायचं. या कामात सगळ्यात आधी एक नियम शिकवतात. भांडं उघडलं की ते जसं सापडलं तसं लिहायचं. आधी पुसायचं नाही, घासायचं नाही, रंगाचा हात मारायचा नाही. याला आमच्याकडे ‘ॲज-फाउंड’ म्हणतात, म्हणजे जसं सापडलं तसं. दुरुस्ती काय केली ते पुढच्या पानावर. अठरा वर्षांत मी हा नियम कधी मोडला नाही. पाइपांच्या बाबतीत तरी नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या शटडाऊनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीला, नॉर्वेहून एक तज्ज्ञ आला होता. वेल्डिंगच्या जोडातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा शोधणं हे त्याचं काम. साठीला टेकलेला, उंच, बोलायला कमी. सहा आठवडे इथे आणि चार आठवडे घरी, असा त्याचा करार. आमच्या पोर्टा केबिनमध्ये तिघांची टेबलं होती: त्याचं, माझं आणि कामाची परमिटं काढून देणाऱ्या रत्नागिरीच्या एका गृहस्थांचं. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आख्खी साइट त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते मला खानदेशी म्हणतात.

दुपारच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो. नॉर्वेवाला पावावर तपकिरी चीजचे पातळ काप ठेवून खायचा. पहिल्याच आठवड्यात चाचा ते बघून मला मराठीत म्हणाले, “खानदेशी, हा माणूस रोज साबणाची वडी खातो. आणि आपल्याला सेफ्टी शिकवतो.”

एकदा त्याने एक काप चाचांपुढे धरला. चाचांनी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “पेढा आहे रे हा. मीठ सांडलेला.” दुसऱ्या दिवसापासून ते रोज एक काप हक्काने घेऊ लागले.

जेवण झालं की नॉर्वेवाला लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत बसायचा. रिपोर्ट नव्हता तो, कारण मधूनमधून तो हसायचा. मी विचारलं तेव्हा कळलं, तो आपल्या गावातल्या एका चॅपेलचा इतिहास लिहीत होता. गाव नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं बंदर. चॅपेल ल्युथरन पंथाचं, शे-सव्वाशे माणसं जेमतेम मावतील एवढं.

“आता रविवारी अकरा माणसं येतात,” तो म्हणाला. “मे महिन्यात शेवटची उपासना. मग इमारत विकणार. त्या दिवशी सगळ्यांच्या हातात एक पुस्तिका द्यायची ठरली आहे.”

“आणि ती तू लिहायची?”

“आई म्हणाली.”

एवढं कारण मला पुरेसं वाटलं.

त्याने आम्हाला चॅपेलचा आतला फोटो दाखवला. लाकडी बाकं, मधोमध लोखंडी शेगडी आणि वर छताला एकामागे एक वाकवलेल्या लाकडी कमानी. चाचा मान वाकडी करून बघत राहिले. मग त्यांनी आपला पंजा द्रोणासारखा केला आणि उलटा धरला. “बोट,” ते त्याला म्हणाले. “बोट, अपसाइड डाऊन.”

नॉर्वेवाला खुर्चीतून उठलाच. “तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे?” चाचा मला म्हणाले. “सांग त्याला, माझा आजोबा होड्या बांधायचा. या होडीच्या फासळ्या आहेत. घर बांधणाऱ्या सुताराने त्रिकोणी कैची घातली असती.”

मग त्याने सगळं सांगितलं. गावातलं मोठं, दगडी चर्च टेकडीवर होतं. मासेमारीच्या होड्या रविवारी सकाळी धक्क्याला लागायच्या आणि कोळी मंडळी अंगाचा वास धुऊन वर पोचेपर्यंत उपासना संपलेली असायची. दोन-तीन वर्षं बोलणी खाल्ल्यावर त्यांनी धक्क्याजवळच आपलं चॅपेल बांधायचं ठरवलं. घर बांधणारा सुतार परवडत नव्हता. होड्या बांधणारा त्यांच्यातलाच होता. त्याला जे येत होतं तेच त्याने केलं, फक्त पालथं. पांढरा रंग होड्यांचा उरलेला. तो तीन भिंतींना पुरला, म्हणून मागची भिंत आजही हिरवी आहे. घंटा खडकावर फुटलेल्या एका जहाजाची. पुढे धक्क्यापर्यंत रस्ता आला आणि चॅपेल नेमकं वाटेत आलं. तेव्हा लोकांनी ते खाली ओंडके घालून सबंधच्या सबंध चाळीस पावलं मागे सरकवलं. तो मंगळवार होता, आणि दर मंगळवारी चॅपेलमध्ये बायकांची विणकामाची बैठक असायची. म्हणे त्यांनी बैठक मोडली नाही. चॅपेल सरकत होतं, शेगडी पेटलेली होती आणि आत बायका विणत होत्या.

“हे खरं आहे?” मी विचारलं.

“आईला तिच्या आजीने सांगितलं,” तो म्हणाला. “मी ‘असं सांगतात’ म्हणून लिहिलं आहे.”

मग त्याने बाहेरून काढलेला एक जुना फोटो उघडला. बर्फ, उतारावर पांढरं लाकडी घर, दारावर छोटी घंटा, डाव्या हाताला वाकलेलं झाड. माझा चमचा डब्यातच राहिला. ते झाड मला माहीत होतं. त्याची खालची फांदी कुठे तुटली आहे, तेसुद्धा माहीत होतं.

माझे वडील वीटभट्टीवर विटा पाडायचे. भट्टी हलली की आमचं घर हलायचं, आणि घर हललं की शाळा सुटायची. चौथीपर्यंत मी तीन शाळा पाहिल्या आणि धड एकीत शिकलो नाही. मग कोणीतरी वडिलांना सांगितलं म्हणून त्यांनी मला नंदुरबारच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका मिशनच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं. तिथे कुठल्याही जातीधर्माचं मूल घ्यायचे. दोन वेळचं जेवण, अभ्यासाला दिवा आणि सकाळी प्रार्थनेला गुमान बसणं, एवढाच करार. दहावीपर्यंत मी तिथे राहिलो. आमच्या सबंध भावकीत पहिली पदवी माझी आहे. तिचा पाया त्या बोर्डिंगात घातला गेला, हे मी कोणालाही ताठ मानेने सांगतो.

त्या बोर्डिंगाच्या जेवणघरात, पाण्याच्या माठांच्या वर, हाच फोटो चौकटीत लावलेला होता. दरवर्षी नाताळच्या आधी त्या घराकडून एक मोठं पार्सल यायचं. त्यात लोकरीचे मोजे असायचे: करड्या रंगाचे, जाडजूड, गुडघ्यापर्यंत येणारे, प्रत्येक मुलाला एक जोडी. फोटोतल्या इमारतीला आमच्यात कोणी चॅपेल म्हणत नव्हतं. आम्ही तिला मोज्यांचं देऊळ म्हणायचो.

“हा फोटो माझ्या बोर्डिंगात होता,” मी नॉर्वेवाल्याला म्हणालो.

त्याने गावाचं नाव विचारलं, मी सांगितलं. तो लॅपटॉपवर शोधत राहिला. मग स्क्रीन माझ्याकडे फिरवली. त्यावर जुन्या पत्रांचे स्कॅन होते. दर नाताळनंतर बोर्डिंगाकडून चॅपेलच्या बायकांना एक आभारपत्र जायचं आणि त्यांनी प्रत्येक पत्र जपून ठेवलं होतं. चौथं पत्र उघडलं आणि मी माझं अक्षर ओळखलं. डावीकडे दुहेरी समास, त्याला लाल पेन्सिलीची रेघ. सातवीपासून दहावीपर्यंत ही पत्रं मीच लिहीत होतो, कारण बोर्डिंगात सगळ्यांत वळणदार अक्षर माझं होतं. मजकूर रेक्टर सर इंग्रजीत सांगायचे. तो दरवर्षी एकच असायचा: ‘आदरणीय भगिनींनो, आपण पाठवलेले मोजे मिळाले. आम्ही ते रोज घालतो. आमचे पाय उबदार राहतात. आम्ही आपले फार आभारी आहोत.’ फक्त नववीच्या वर्षी मी खाली माझं स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं: ‘मोज्यांवरची लाल पट्टी फार सुंदर आहे.’

“लाल पट्टी?” नॉर्वेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. “ते तू लिहिलंस?”

त्या वर्षी म्हणे बायकांची करडी लोकर संपली होती, म्हणून एकीने वरच्या काठाला लाल घातली. माझं वाक्य वाचल्यावर त्यांनी पुढे पार्सलं बंद होईपर्यंत प्रत्येक जोडीला लाल पट्टी घातली. ती पहिली पट्टी घालणारी त्याची आईच.

“ती अजून तुझ्याबद्दल बोलते,” तो म्हणाला. “लाल पट्टीवाला मुलगा.”

“घ्या!” चाचा म्हणाले. “तिकडे खानदेशीचं नाव निघतं आणि इथे हा परमिटसाठी माझ्या मागे मागे फिरतो.”

आम्ही हसलो. मग नॉर्वेवाला गंभीर झाला. त्याची आई एक्याण्णव वर्षांची. त्या मंगळवारच्या बैठकीतली तेवढी एकच आता हयात. “चॅपेल बंद होण्याआधी तिला एक गोष्ट कळायला हवी आहे,” तो म्हणाला. “चाळीस हिवाळे तिने विणलं. ती विचारते, त्याचा उपयोग झाला का? पुस्तिकेत मी एक पान कोरं ठेवलं आहे, त्या टोकाकडून कोणी लिहील म्हणून. तीन आठवड्यांनी मी घरी जाईन तेव्हा छपाईला देणार. ते पान तू लिही.”

मी तत्काळ हो म्हणालो. सलवाला घरी परतताना कंपनीच्या बसमध्ये बसलो तेव्हा लक्षात आलं, ते मोजे मी एक दिवसही घातले नव्हते.

कोणीच घातले नव्हते. आमच्यातल्या निम्म्यांना चपला नव्हत्या, बूट तर कोणालाच नव्हते. बोर्डिंगात शहाबादी फरशी होती. तिच्यावर लोकरी मोजे घालून चाललं की पाय सटकायचा. पार्सल आलं की आम्ही सगळे मोजे चढवून रांगेत उभे राहायचो, रेक्टर सर फोटो काढायचे आणि फोटो झाला की मोजे काढून मावशींच्या टोपलीत टाकायचो. मावशी म्हणजे आमच्या मेट्रन. त्या दार लावून सगळे मोजे उसवायच्या. खानदेशातली डिसेंबरची पहाट फार बोचरी असते, पण ती डोक्याला आणि छातीला लागते. म्हणून त्या लोकरीच्या मावशी कानटोप्या, मफलर, लहान मुलांना बिनबाह्यांचे स्वेटर करायच्या. उसवलेल्या लोकरीची लडी धरायला त्यांना दोन हात लागायचे आणि ते हात संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी आम्हा मुलांचे असायचे. दोन्ही हात पुढे करून उभं राहायचं, मावशी गुंडा गुंडाळणार आणि लडी संपेपर्यंत आपण पाढे म्हणायचे. चुकलं की त्या गुंडाळणं थांबवायच्या. हात भरून यायचे. पळून जायची सोय नव्हती, कारण हात बांधलेले. तीसपर्यंतचे पाढे मी असे पाठ केले. इंजिनिअरिंगला मला गणिताने नेलं, हे माझी गुणपत्रिका सांगते. पण गणित माझ्यात कसं आलं, ते तिच्यात लिहिलेलं नाही.

मग मोज्यांऐवजी नुसती लोकर पाठवा, असं का कळवलं नाही? मी एकदा सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, “देणाऱ्याच्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं होतं ते.” सुट्टीत घरी आईला विचारलं तर तीही अहिराणीत तेच म्हणाली, “त्यास्नी दिन्हं, आपण लिन्हं. नाव नही ठेवानं.” आम्हा लोकांच्या हातून अशी चूक सहज होते. आम्ही इतके आभार मानतो की समोरच्याला काही कळायची वाटच उरत नाही. पत्र गेलं की तिकडे वाटायचं, मोज्यांचा उपयोग होतोय. मग पुन्हा मोजे यायचे आणि पुन्हा पत्र जायचं.

शुक्रवारी सकाळी मी ते पान लिहायला बसलो. सुट्टीचा दिवस, बाहेर धूळ उठलेली, घरात शांतता. तासाभरात लिहून झालं. मोजे किती उबदार होते, लाल पट्टी किती सुंदर होती, आम्ही किती ऋणी आहोत. इंग्रजी तपासायला मुलीला दिलं. ती नववीत आहे, इंग्रजी तिचं माझ्यापेक्षा सफाईदार.

तिने वाचलं आणि विचारलं, “बाबा, डिड यू ॲक्च्युअली वेअर देम?”

“नाही गं. चपला नव्हत्या पायात, मोजे कुठले.”

“देन यू कान्ट राइट धिस.”

“अगं, एक्याण्णव वर्षांची बाई आहे. तिला बरं वाटावं म्हणून…”

“तिला बरं वाटावं म्हणून, की तुम्हाला?” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. ती नाशिकची आहे. एकेक वाक्य निवडून बोलते.

मुलगी मराठीवर आली, म्हणजे रागावली होती. “माझ्या लॅब जर्नलमध्ये मी एक रीडिंग बदललं होतं, तर तू दोन दिवस बोलला नव्हतास माझ्याशी. आठवतं?”

आठवत होतं. मी कागद परत घेतला.

पण खरं लिहायचं तर त्यात माझ्याइतक्याच मावशीही होत्या. लोकर त्यांनी उसवली होती. त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर नव्हतं. मावशी आता दोंडाईच्याला भाच्याकडे असतात. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी गॅलरीत जाऊन मोठ्याने सगळं सांगितलं. शेजारचा इजिप्शियन काय झालं म्हणून खिडकीत आला.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अरे, त्या मेमना कळलं तर काय म्हणतील, या धास्तीने मी दरवर्षी दार लावून उसवायची.”

“मग नको लिहू?”

“सर गेले. आता कोण रागावणार आहे? लिही तू. पण नीट लिही. वीतभर धागा वाया घालवला नाही मी.”

“लिहितो.”

“आणि त्या बाईला सांग, तुझी वीण फार घट्ट. उसवताना माझी बोटं सोलून निघायची.”

“मावशी, हे लिहू?”

“लिही की. विणणारीला बरं वाटतं ऐकून.”

मी नवीन पान घेतलं आणि रिपोर्ट लिहितो तसं लिहिलं. वर ‘ॲज-फाउंड’ असा मथळाही दिला. मोजे कोणी घातले नाहीत. फोटोपुरते घातले. पत्रातलं ‘रोज घालतो’ हे वाक्य खरं नव्हतं आणि ते लिहिणारा हात माझा होता. त्याखाली, दुरुस्ती म्हणून करतो तशी, लोकरीची हकीकत लिहिली: टोप्या, मफलर, लडी, पाढे. मावशींचा निरोप जसाच्या तसा घातला. शेवटी आभार मानले. पण या वेळी कशाचे मानतोय, ते मला नक्की माहीत होतं.

नॉर्वेवाल्याने ते पान केबिनमध्ये दोनदा वाचलं. त्याचं चीज तसंच पडून होतं. चाचा माझ्याकडे आणि चीजकडे आळीपाळीने बघत होते. “खानदेशी,” ते हळूच म्हणाले, “साबणाची वडी बंद झाली बघ आपली.”

“मला हे भाषांतर करून तिला वाचून दाखवावं लागेल,” नॉर्वेवाला म्हणाला. “मी ते मऊ करणार नाही.”

“करू नकोस,” मी म्हणालो.

त्याने चीजचा काप कापला आणि चाचांना दिला.

तो सुट्टीवर गेला. आठ दिवस काही कळलं नाही. मला काळजी होती ती त्या बाईंची. पान चुकीचं लिहिलं, असं मात्र एकदाही वाटलं नाही. नवव्या दिवशी दुपारी मोबाइलवर त्याचा संदेश आला. बाकी काही नाही, फक्त प्रश्न: ‘एका टोपीला मोज्यांच्या किती जोड्या लागायच्या? आई विचारते आहे.’

मी लगेच मावशींना फोन लावला. “लहान पोराला एक,” त्या म्हणाल्या. “आठवीच्या पुढच्याला दीड. डोकी मोठी व्हायची तुमची, अक्कल नाही.”

मी टोप्यांचा हिशेब तिकडे कळवला, डोक्यांबद्दलचं गाळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘आई म्हणते, बरोबर. तिने सुया घेऊन करून पाहिलं.’ पाठोपाठ दुसरा प्रश्न: ‘उसवलेली लोकर कुरळी राहते. मावशी ती सरळ कशी करायच्या?’

“ओली करायची, लडी बांधायची, दोरीवर टाकायची आणि खालून वीट टांगायची,” मावशी म्हणाल्या. “विटा तुझ्या बापानेच आणून दिल्या होत्या, चांगल्या भाजलेल्या. विसरलास?”

मला ते कधी माहीतच नव्हतं.

तिकडून उत्तर आलं, की त्यांच्याकडे त्यासाठी किनाऱ्यावरचे गोटे वापरतात. पण वीट चांगली, ती घरंगळत नाही. असं चार दिवस चाललं. एकमेकींना कधी न पाहिलेल्या दोन बायका, एक बर्फात, एक दोंडाईच्याच्या उन्हात, लोकरीबद्दल बोलत होत्या आणि मध्ये आम्ही दोघं निरोप पोचवत होतो. “तुम्ही इंजिनिअर आहात की टेलिफोन?” चाचांनी विचारलं. पण फोन वाजला की “काय म्हणते म्हातारी?” असं सगळ्यांत आधी तेच विचारायचे.

शेवटचा प्रश्न लाल पट्टीचा होता. लाल लोकरीचं काय केलं?

“ती मी वेगळी काढून ठेवायची,” मावशी म्हणाल्या. “दहावी होऊन जो बोर्डिंग सोडायचा, त्याच्या टोपीला एक पट्टी.”

मी कपाटावरची जुनी बॅग काढली. सर्टिफिकेटांच्या फायलीखाली माझी टोपी होती. करडी, कपाळावर लाल पट्टी. इंजिनिअरिंगच्या चारही वर्षी पहाटे अभ्यास करताना मी ती घातली होती. पट्टी का आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. फोटो काढून पाठवला.

मे महिन्यात तो पुन्हा घरी गेला आणि जूनमध्ये परत आला. बाहेर लोखंडाला हात लावायची सोय नव्हती असे दिवस. त्याने आमच्यापुढे पुस्तिका ठेवली. डाव्या पानावर माझं नववीतलं पत्र, लाल समासासकट. उजव्या पानावर ‘ॲज-फाउंड’. खाली टोपीचा फोटो.

“शेवटच्या उपासनेनंतर ते पान आईने स्वतः वाचलं, मोठ्याने,” तो म्हणाला. “वीण घट्ट आहे, या वाक्याला सगळं चॅपेल हसलं. आईची वीण गावात प्रसिद्ध आहे.”

“आणि तिने जे विचारलं होतं? उपयोग झाला का?”

“वाचून झाल्यावर तिने पुस्तिका मिटली आणि म्हणाली, ‘मला आठवडाभर राग आला होता. मग कळलं, तिकडेही एक मंगळवारची बैठक होती.’” त्याने पुस्तिका माझ्याकडे सरकवली. “त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.”

चॅपेल एका जोडप्याने घेतलं. ते छोट्या होड्या दुरुस्त करतात. छप्पर तसंच ठेवणार, शेगडीही. मागची भिंत हिरवीच राहणार, कारण त्यांनाही हिरवा रंग आवडला.

मग त्याने पिशवीतून एक कागदी पुडकं काढलं. आत करड्या लोकरीच्या दोन जाड लड्या आणि लाल रंगाची एक लहान लडी. वर त्याच्या आईच्या हातची चिठ्ठी होती. त्याने वाचून दाखवली: ‘मावशींसाठी. या वेळी विणलेलं नाही.’

चाचांनी लोकर हातात घेऊन पाहिली. बाहेर पन्नासच्या घरात तापमान होतं. “बरं झालं,” ते म्हणाले. “इथे मोजे आले असते तर मी उसवले असते.”

मी फोनवर सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, “लड्या तशाच आणू नकोस. इथे धरायला कोण आहे? गुंडे करून आण.”

म्हणून पुढच्या शुक्रवारी मी मुलीला हॉलमध्ये उभं केलं, दोन्ही हात पुढे करायला लावले आणि लडी चढवली.

“हाऊ लाँग?” तिने विचारलं.

“लडी संपेपर्यंत.”

“आणि तोपर्यंत मी काय करू?”

“पाढे म्हण.”

तिने बारापर्यंत इंग्रजीत म्हटले आणि थांबली. तेरापासून पुढे मी म्हटले. गुंडा वाढत गेला, एसी चालू होता, बायको दारात येऊन उभी राहिली. एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट. कुठेही अडलो नाही.